स्वच्छमंडलाचे रोपण

७ डिसेंबर १९०५ रोजी मोराविया प्रांतातील ओलोमोउत्स या गावी एक शस्त्रक्रिया झाली. हे गाव त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात मोडत असे; आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. रुग्ण पंचेचाळीस वर्षांचा एक मजूर होता. वर्षभरापूर्वी डोळ्यांत चुना उडून त्याची दोन्ही बुबुळे भाजली व पांढरी पडली, आणि तो आंधळा झाला. त्याच सुमारास अकरा वर्षांचा एक मुलगा रुग्णालयात आला होता. त्याच्या एका डोळ्यात लोखंडाचे कण घुसले होते. तो डोळा वाचण्याची आशा उरली नव्हती आणि काढून टाकणे भाग होते; परंतु डोळ्याचा दर्शनी पारदर्शक भाग मात्र अद्याप स्वच्छ होता. एडुआर्ड झिर्म या शल्यवैद्याने त्या भागातून दोन वाटोळ्या चकत्या कापून घेतल्या आणि मजुराच्या दोन्ही डोळ्यांत एकेक बसविली. उजव्या डोळ्यातील चकती टिकली नाही. डाव्या डोळ्यातील चकती मात्र स्वच्छ राहिली, आणि तो मजूर पुन्हा आपल्या कामावर जाऊ लागला.

एका माणसाच्या डोळ्याचा भाग दुसऱ्या माणसाच्या डोळ्यात पूर्ण जाडीने बसवून दृष्टी परत मिळाल्याची ही पहिली नोंद होय. शल्यवैद्य एक, रुग्ण एक, चकत्याही एकाच डोळ्यातील. असे असता एक गढुळली आणि एक स्वच्छ राहिली. बसविलेले पटल स्वच्छ का राहते व का गढुळते, हा प्रश्न त्या दिवसापासून नेत्रवैद्यांसमोर उभा राहिला. त्याचे उत्तर शोधता शोधताच या शस्त्रक्रियेची सारी प्रगती झाली आहे.

घड्याळाची काच आणि डोळ्याची काच

घड्याळाच्या तबकडीवर जशी फुगीर काच बसविलेली असते, तसे डोळ्याच्या दर्शनी भागी एक पारदर्शक पटल असते. त्यास स्वच्छमंडल किंवा कॉर्निया म्हणतात. आपण ज्यास बुबुळ म्हणतो, त्याचा काळा वा तपकिरी रंग या पटलाचा नसून त्याच्या मागील पडद्याचा असतो. स्वच्छमंडल स्वतः दिसत नाही, कारण ते पारदर्शक आहे. ते दिसू लागले की दुखणे आले असे समजावे. खेड्यापाड्यांत ‘डोळ्यात फूल पडले’ असे म्हणतात, ते फूल म्हणजे स्वच्छमंडलावरील पांढरा डाग होय. मोतीबिंदू हा विकार निराळा. त्यात आतील भिंग गढूळ होते, आणि ते काढून त्याच्या जागी कृत्रिम भिंग बसविता येते.

स्वच्छमंडलाची रुंदी सुमारे साडेअकरा मिलिमीटर असते आणि मध्यभागी जाडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक. एवढे लहान असूनही डोळ्यात शिरणारे किरण वळविण्याचे सुमारे दोन-तृतीयांश काम तेच करते. मग घड्याळाची काच तडकल्यास आपण नवी बसवितो, तशी ही काच का बदलता येऊ नये? हा विचार नवा नाही. पेलिये द केंगसी या फ्रेंच वैद्याने १७८९ मध्येच डोळ्यात खरोखरीची काच बसविण्याची कल्पना मांडली होती.

परंतु स्वच्छमंडल ही काच नव्हे. ते एक जिवंत पटल आहे. त्याचे थर क्रमाने पाहू. सर्वांत बाहेर पेशींचे पातळ आवरण असते. त्यास अधिस्तर म्हणू. ते सतत झिजते आणि सतत नवे होते. बुबुळ जेथे डोळ्याच्या पांढऱ्या भागास मिळते, त्या वर्तुळाकार किनारीत या आवरणाच्या मूळ पेशी असतात. ही किनार जणू त्याची रोपवाटिकाच होय. त्याखाली जाड गाभा असतो. एकूण जाडीचा नऊ-दशांश भाग त्याचाच. गाभ्यात अत्यंत बारीक तंतू सारख्या अंतराने रचलेले असतात, आणि ही शिस्त कायम आहे तोवरच प्रकाश आरपार जातो. येथे रक्तवाहिन्या नसतात. पोषण मुख्यतः आतील द्रवातून मिळते आणि प्राणवायू अश्रूंच्या थरातून हवेकडून.

सर्वांत आत, एका पातळ पापुद्र्यावर, षट्कोनी पेशींचा एकच थर असतो. हा अंतःस्तर होय. डोळ्यातील द्रव गाभ्यात सारखा झिरपत असतो. तंतू पाणी शोषून फुगले की त्यांची रचना मोडते आणि पटल गढुळते. गळक्या होडीत बसलेला नावाडी जसा पाणी उपसत राहतो, तशा अंतःस्तराच्या पेशी हे पाणी अखंड बाहेर टाकीत असतात. प्रौढ माणसात एका चौरस मिलिमीटरमध्ये त्या सुमारे अडीच हजार असतात. मात्र मनुष्याच्या शरीरात त्यांची नवी पैदास जवळजवळ होत नाही. एक पेशी मेली की शेजारच्या पेशी पसरून तिची जागा भरून काढतात. फारच थोड्या उरल्या की पाणी उपसणे थांबते आणि दृष्टी धूसर होते. तात्पर्य, पारदर्शकता हा या पटलाचा केवळ गुण नव्हे. ती त्याच्या पेशी रात्रंदिवस कष्ट करून राखीत असतात. रोपणात चकती शिवून भागत नाही. तिच्याबरोबर हे कष्ट करणाऱ्या पेशीही जिवंत नेल्या पाहिजेत.

आरंभीचे प्रयोग

ही गोष्ट ज्ञात होण्यापूर्वीच प्रयोग सुरू झाले होते. १८२४ मध्ये जर्मनीतील फ्रान्झ रायझिंगर याने पशूंचे स्वच्छमंडल माणसास बसवावे असे सुचविले आणि सशांवर प्रयोग केले. आयर्लंडचा सॅम्युएल बिगर हा शल्यवैद्य इजिप्तमध्ये बंदिवासात असताना त्याने एका पाळीव हरिणीवर दुसऱ्या हरिणाच्या स्वच्छमंडलाचे रोपण केले. ते जुळल्याची हकीकत त्याने १८३७ मध्ये प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क येथे रिचर्ड किसॅम याने डुकराचे स्वच्छमंडल माणसास बसविले. ते थोड्याच काळात गढुळले.

या निराशेच्या काळात आर्थर फॉन हिपेल या जर्मन वैद्याने एक उपयुक्त उपकरण तयार केले. घड्याळातील यंत्रासारख्या स्प्रिंगवर फिरणारे ते एक वाटोळे पाते होते. रुग्णाच्या डोळ्यातील छिद्र आणि बसवावयाची चकती त्याने एकाच मापाची कापता येऊ लागली. झिर्मने हेच उपकरण वापरले. मात्र त्याने पशूच्या डोळ्याचा मार्ग सोडून माणसाचा डोळा घेतला. किसॅमचे अपयश आणि झिर्मचे यश यांतील मोठा भेद हाच होता.

मृताचा डोळा

झिर्मला जो मुलगा भेटला तसे रुग्ण क्वचितच भेटणार. जिवंत माणसाचा डोळा काढण्याची वेळ येईल तेव्हाच कोणा अंधास दृष्टी द्यावयाची, तर ही शस्त्रक्रिया एक नवलच ठरली असती. हा अडसर ओडेसा येथील व्लादिमीर फिलाटोव यांनी दूर केला. मृत व्यक्तीच्या डोळ्यातील स्वच्छमंडल थंड जागी जपून ठेवल्यास रोपणास योग्य राहते, हे त्यांनी १९३० नंतरच्या दशकात शेकडो शस्त्रक्रियांनी दाखवून दिले. हृदय थांबले तरी अंतःस्तराच्या पेशी काही तास जिवंत असतात. नेत्रदानाची सारी कल्पना या एका गोष्टीवर आधारलेली आहे.

यातूनच नेत्रपेढ्या निघाल्या. न्यूयॉर्कची नेत्रपेढी टाउनली पॅटन यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झाली. आपल्या देशातील पहिली नेत्रपेढी १९४५ मध्ये मद्रास येथे, एग्मोरच्या सरकारी नेत्ररुग्णालयात, डॉ. मुथय्या यांनी सुरू केली. हे रुग्णालय १८१९ पासून चालत आलेले आहे. शेजारच्या श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्वा यांनी १९६१ मध्ये नेत्रदान संस्था उभारली, आणि १९६४ पासून त्या लहानशा देशातून परदेशांतील अंधांसाठी डोळे पाठविले जाऊ लागले.

आरंभी डोळा ओलसर बरणीत बर्फाजवळ ठेवीत, आणि एक-दोन दिवसांतच तो वापरावा लागे. १९७४ मध्ये मॅकॅरी व कॉफमन यांनी पोषक द्रवात स्वच्छमंडल ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. तिच्यात पुढे सुधारणा होऊन आता सुमारे दोन आठवड्यांपर्यंत पेशी जगविता येतात. या अवधीत दात्याच्या रक्ताची तपासणी होते, पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या जातात आणि रुग्णाला दुरूनही बोलावून घेता येते.

परक्या कलमाचा स्वीकार

आंब्याचे कलम करताना खुंट आणि फांदी यांचे जुळणे पाहावे लागते. माणसाचे शरीर तर परकी पेशी ओळखून तिच्यावर चालून जाते. पीटर मेडावर यांनी १९४० नंतरच्या दशकात त्वचेच्या रोपणांवर प्रयोग करून हा नियम स्पष्ट केला; पुढे १९६० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मग स्वच्छमंडलाचे परके कलम टिकते कसे? त्याचे एक मोठे कारण म्हणजे तेथे रक्तवाहिन्या नसतात. शरीराचे पहारेकरी रक्तातून फिरतात. जेथे वाटच नाही तेथे ते सहसा पोचत नाहीत. म्हणून सामान्य रोपणासाठी दात्याचा व रुग्णाचा रक्तगट जुळवावा लागत नाही.

परंतु जुना दाह किंवा भाजणे यांमुळे रुग्णाच्या बुबुळात रक्तवाहिन्या शिरलेल्या असतील, तर ही वाट उघडी होते. काही काळ स्वच्छ राहिलेली चकती पुढे गढुळते ती बहुधा या हल्ल्यामुळे, हे अमेरिकेतील एडवर्ड मॉमेनी यांनी १९५१ मध्ये प्रयोगाने दाखविले. त्याच सुमारास कॉर्टिसोनच्या वर्गातील औषधे आली, आणि हा हल्ला थोपविण्याचे साधन हाती आले. आजही रोपणानंतर असे थेंब दीर्घकाळ घालावे लागतात. डोळा लाल होणे, दुखणे, उजेड न सोसणे किंवा दृष्टी मंदावणे यांपैकी काहीही वर्षांनंतर जरी झाले, तरी रुग्णाने त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे. वेळीच उपचार झाल्यास पुष्कळदा चकती वाचते.

जेवढे बिघडले तेवढेच

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया होऊ लागली, आणि केसाहून बारीक नायलॉनचा धागा हाती आला. पूर्ण जाडीच्या रोपणात सात-आठ मिलिमीटर व्यासाची चकती अशा धाग्याच्या सुमारे सोळा टाक्यांनी शिवतात. रक्तवाहिन्या नसल्याने जखम सावकाश भरते. टाके कित्येक महिने ठेवावे लागतात. शिवाय टाक्यांच्या ताणाने पटलाचा घाट थोडा वाकडा होतो आणि चष्म्याची गरज राहते.

मग विचार असा झाला की, दुखणे जर एकाच थरात असेल तर सर्व थर का बदलावे? गाभ्यावर डाग आहे अथवा बुबुळ शंकूसारखे पुढे आले आहे, परंतु अंतःस्तर निरोगी आहे, अशा रुग्णाचा स्वतःचा अंतःस्तर जागीच ठेवून वरचे थर तेवढे बदलता येतात. मोहम्मद अन्वर व क्लाउस टाइखमान यांनी २००२ मध्ये यासाठी एक सोपी युक्ती वर्णिली. गाभ्यात सुईने हवा भरली की तिचा बुडबुडा आतील नाजूक पापुद्रा गाभ्यापासून अलग करतो. अंतःस्तर रुग्णाचाच राहिल्याने शरीर त्याच्यावर चालून जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

याउलट, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा वयपरत्वे केवळ अंतःस्तर निकामी झाला असेल, तर तेवढाच बदलतात. ही वाट नेदरलँड्समधील खेरित मेलेस यांनी १९९८ पासून दाखविली. २००६ मध्ये त्यांनी वर्णिलेल्या पद्धतीत दात्याचा जो पापुद्रा बसवितात, त्याची जाडी मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा भाग असते. तो पापुद्रा आपोआप गुंडाळला जातो. निळा रंग देऊन बारीक छेदातून तो डोळ्यात सोडतात, तेथे उलगडतात आणि खालून हवेचा बुडबुडा सोडून वर चिकटवितात. रुग्णास काही काळ उताणे निजावे लागते. चकती टाक्यांनी शिवण्याचे कारणच पडत नाही, आणि दृष्टी पुष्कळच लवकर सुधारते.

याही पुढचे पाऊल क्योतो येथील शिगेरू किनोशिता व त्यांचे सहकारी यांनी टाकले. दात्याच्या अंतःस्तराच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्या त्यांनी ११ रुग्णांच्या डोळ्यांत सुईने सोडल्या, आणि त्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. एका दात्याच्या पेशी अनेकांना पुरतील अशी आशा त्यामुळे वाटू लागली आहे.

चुन्याने भाजलेला डोळा

आता ओलोमोउत्सच्या मजुराकडे पुन्हा वळू. चुन्याने भाजलेला डोळा हा रोपणास सर्वांत प्रतिकूल असतो, हे आज ठाऊक झाले आहे. चुना बुबुळाच्या किनारीतील मूळ पेशीच जाळून टाकतो. रोपवाटिका नष्ट झाल्यावर बाहेरील आवरण नवे होत नाही. आजूबाजूची त्वचा रक्तवाहिन्यांसह बुबुळावर पसरते. अशा डोळ्यात स्वच्छ चकती बसविली तरी तिच्यावर आवरण धरत नाही, आणि रक्तवाहिन्यांची वाट उघडी असतेच. झिर्मला मिळालेले अर्धे यशसुद्धा किती दुर्लभ होते, हे यावरून ध्यानात येईल.

आपल्या देशात हा प्रश्न केवळ इतिहासातील नाही. पान-तंबाखूसाठी मिळणारी चुन्याची पुडी किंवा नळी मुले खेळताना दाबतात. ती फुटते आणि चुना डोळ्यात उडतो. असा एक डोळा गेला व दुसरा निरोगी राहिला असेल, तर हैदराबाद येथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील डॉ. वीरेंद्र सांगवान व सहकारी यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत उपयोगी पडते. निरोगी डोळ्याच्या किनारीतून दोन मिलिमीटरचा तुकडा घेतात आणि त्याचे आठ-दहा बारीक कण करतात. भाजलेल्या बुबुळावरील त्वचा काढून त्यावर बाळंतपणात पडणाऱ्या वारेचा शुद्ध केलेला पातळ पापुद्रा पसरतात, आणि त्यावर ते कण जैविक डिंकाने चिकटवितात. भाताची रोपे उपटून खाचरात लावल्यावर पीक जसे भरून येते, तसे या कणांपासून नवे आवरण पसरते. पेशी वाढविण्यासाठी निराळी प्रयोगशाळा लागत नाही. आवश्यक तर पुढे स्वच्छमंडलाचे रोपण करतात, आणि तेव्हा ते टिकण्याची शक्यता वाढलेली असते.

मात्र असा अपघात होताच पहिला उपाय घरातच आहे. चुना पडला की क्षणही न दवडता स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा निदान अर्धा तास धुवावा आणि मगच रुग्णालयाकडे निघावे. उसाचे पाते किंवा भाताचे तूस डोळ्यास लागल्यावर पानांचा रस, दूध अथवा घरात उरलेले औषध घालू नये; त्याने साधी जखम चिघळते. फुलाची कित्येक कारणे शस्त्राविनाच दूर झाली आहेत. पूर्वी देवीच्या रोगाने असंख्य डोळे जात. १९८० मध्ये हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. खुपऱ्यांचा रोग भारतात आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मान्य केले. मुलांना गोवराची लस व अ जीवनसत्त्व मिळाल्यास त्यांच्या बुबुळांचेही रक्षण होते.

सहा तास

इतके सर्व ज्ञान हाती असूनही, दात्याविना शल्यवैद्याचे हात रिकामे राहतात. संपूर्ण डोळा बसवून दृष्टी परत आणणे अद्याप कोणास साधलेले नाही. परंतु स्वच्छमंडल देता येते, आणि एका दात्यामुळे दोघांना दृष्टी मिळू शकते. वय, चष्मा, मधुमेह किंवा मोतीबिंदूची झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काहीही दानाच्या आड येत नाही. पिसाळ रोग, रक्तातून पसरलेला जंतुदोष, एड्स, कावीळ-ब व कावीळ-क, रक्ताचा कर्करोग अशा थोड्या रोगांतच ते घेता येत नाही.

मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत दान व्हावे लागते. तोवर घरच्यांनी मृताच्या पापण्या मिटवाव्यात, त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोके उशीवर थोडे उंच करावे, पंखा बंद करावा आणि जवळच्या नेत्रपेढीस कळवावे. पेढीचे लोक घरी येतात. पंधरा-वीस मिनिटांत काम संपते आणि चेहरा विद्रूप होत नाही. मृताने आधी अर्ज भरलेला नसला तरी निकटचे नातेवाईक संमती देऊ शकतात. याउलट, अर्ज भरलेला असूनही घरच्यांना तो ठाऊक नसला, तर हे सहा तास शोकात निघून जातात. म्हणून आपली इच्छा कागदावर लिहून थांबू नये. ती घरात बोलून ठेवावी. देशात दर वर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा पाळला जातो. ते बोलणे करण्यास तो एक चांगला निमित्त होय.

१९०५ साली त्या मजुरास दृष्टी मिळण्यासाठी एका मुलाने आपला डोळा गमवावा लागला होता. आज कोणाचेही काही हिरावून न घेता तेच दान देता येते. त्यासाठी हवी असतात ती घरातील माणसे; दुःखाच्या घटकेतही मृताची इच्छा आठवून नेत्रपेढीस वेळेवर कळविणारी.